उकळलेला स्पंज

३ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत तू निकाल देऊन मोकळा होतोस. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

ह्यांना नोव्हेंबरात झटका आला हे तुला कळवलंच होतं. तू आला नाहीस, तुझे गुडघे आडवे आले, ते असो. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं. पाय परत आलाय, भिंतीला धरून चालतात. बोलणं मात्र नाही. माझं नावसुद्धा येत नाही. फक्त एक गोष्ट येते. खिडकीजवळच्या ज्या टेबलावर ते घड्याळं उघडून बसायचे तिथे सकाळी नेऊन बसवलं, की शेजारच्या काचेच्या पेटीतले गप्पी मासे मोजतात. एक, दोन, तीन, अगदी स्पष्ट. आठवड्यातून दोनदा एक वाचेची बाई येते, बोलणं परत आणायचे व्यायाम घेते. ती म्हणते, काही झालं तरी ही मोजणी सुटू देऊ नका, हिलाच धरून बाकीचे शब्द येतील. पहिले सहा महिने महत्त्वाचे म्हणाली, आणि त्यातले तीन गेलेत.

जानेवारीत ते सतरापर्यंत मोजायचे. आज चौदाला थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. तीन मासे मेलेत. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात, शेपटीचा पंखा मिटून काडी झालीय, खाणं टाकलं तरी येत नाहीत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, जखम नाही.

पेटी दोन फुटांची आहे. आत एक फिल्टर, त्यात मुठीएवढा स्पंज. पूर्वी सगळं हेच बघायचे, मी बोट लावत नव्हते. आता दर रविवारी मी सगळं पाणी काढते आणि स्पंज गरम पाण्याने धुते, कारण त्यावर तपकिरी बुळबुळीत थर येतो आणि तो तुझ्या बहिणीला बघवत नाही. कोपऱ्यावरचा, पाळायचे मासे विकणारा मासेवाला म्हणाला, बाई, एवढं साफ करू नका, स्पंजला तर हातच लावू नका. मला काही ते पटलं नाही. तू चाळीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढलीस. तूच सांग काय करू.

ठमी


८ फेब्रुवारी

ठमे,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा. एकदा रागाने आणि एकदा करमणूक म्हणून.

मासेवाला म्हणतो, साफ करू नका. वा. उद्या न्हावी म्हणेल वस्तरा धुऊ नका आणि तू मान डोलावशील. असल्या दुकानदारांचं रक्त मी चाळीस वर्षं तपासलं, अकलेचा अंश एकाच्याही सापडला नाही. त्याचे मासे मेले की तू नवे घ्यायला त्याच्याकडेच जाणार. त्याने साफ करा का म्हणावं?

आता गप्पी. ठमे, गप्पी हा गटारात सोडायचा मासा आहे. डासांच्या अळ्या खाऊन तो जगतो. सांडपाण्यात जो मजेत पोहतो त्याला घरात ठेवून आजारी पाडायला खास मेहनत घ्यावी लागते, आणि ती तुझ्या घड्याळजीने बारा वर्षं घेतलेली दिसते. घड्याळात धुळीचा कण चालत नाही एवढं ज्याला कळतं, त्याला पाण्यात बुळबुळीत घाण कशी चालली? मी त्या माणसाबद्दल तुझ्या लग्नाच्या वेळी जे बोललो होतो ते परत बोलत नाही. तुला पाठ आहे.

निदान सोपं आहे. धाप, मिटलेले पंख, मेलेली भूक, म्हणजे कल्ल्यांना जंतूंची लागण. आणि जंतूंचं घर म्हणजे तो थर. नुसत्या गरम पाण्याने धुणं म्हणजे जंतूंना आंघोळ घालणं. स्पंज दहा मिनिटं खळखळ उकळ. खालचे खडेही उकळ. काच आतून पुसून कोरडी कर. पाणी सगळंच्या सगळं नवं घाल, फक्त आदल्या दिवशी बादलीत काढून ठेव म्हणजे नळाच्या औषधाचा वास जाईल. आणि हे रविवारच्या रविवारी नाही, दर चौथ्या दिवशी. आमच्याकडे काचेची नळीसुद्धा उकळल्याशिवाय दुसऱ्यांदा वापरली जात नसे. म्हणून लोक वाचत होते.

मोजणीची काळजी करू नकोस. चौदा हा आकडाही वाईट नाही.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

तू सांगितलंस तसं दोनदा केलं. मोठं पातेलं त्यासाठीच वेगळं काढलं. स्पंज इतका पांढरा झालाय की दुकानात परत ठेवला तर नवा म्हणून खपेल. पेटी लखलखते. आलेली प्रत्येक बाई म्हणते, किती स्वच्छ.

मासे अकरा उरलेत.

मेलेला एक मी बशीत घेऊन नीट बघितला. कल्ले लालभडक, भाजल्यासारखे. तुला ते सांगावंसं वाटलं.

आणखी एक. परवा मी फिल्टर बाहेर काढला तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. गेल्या तीन महिन्यांत ह्यांनी कशालाच इतकं घट्ट धरलं नव्हतं. तोंडातून नुसता आवाज, शब्द नाही. मी म्हटलं, अहो, दादाने सांगितलंय. तुझं नाव काढल्यावर तर पकड आणखी आवळली. शेवटी बोटं एकेक करून सोडवली आणि स्पंज पातेल्यात टाकला. मग ते घड्याळं बघायचं भिंग डोळ्याला लावून पेटीपाशी बसले आणि एकेका माशाच्या कल्ल्यांपाशी बोट नेत राहिले. माझ्याकडे बघायचे, परत बोट न्यायचे. असं अर्धा तास.

मला काही उमगलं नाही. वाचेच्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली, ते काहीतरी सांगतायत, ऐका. आता शब्द नसताना काय ऐकायचं? तुला काय वाटतं?

ठमी


२१ फेब्रुवारी

ठमे,

मला काय वाटतं ते विचारलंस म्हणून सांगतो. मेंदूला मार बसलेला माणूस हाताला येईल ते धरतो. तान्हं मूलही धरतं. त्यात अर्थ शोधत बसशील तर तुझ्याही डोक्यावर परिणाम होईल. आणि वाचेची बाई. बोलणाऱ्या बाईने न बोलणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं ते तिलाच माहीत. असल्या पदव्या आमच्या वेळी नव्हत्या आणि लोक तरीही बोलत होते.

भिंग लावून बघण्याबद्दल म्हणशील तर, मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शक लावून बघितलं. नुसतं डोळ्याला काच लावून काही दिसत नसतं, बघणाऱ्याच्या मागे डोकं लागतं. तुझा नवरा चांगला चालू असतानाही मला कधी ते सापडलं नाही.

तो दुपारी झोपतो ना? मग साफसफाई तेव्हा कर. प्रश्न मिटला.

पण अकरा हा आकडा मलाही आवडलेला नाही. उकळूनही जंतू उरतायत याचा अर्थ जात चिवट आहे. तेव्हा आधी पेटीतलं थोडं पाणी एका छोट्या स्वच्छ बाटलीत भरून, बूच मेणाने बंद करून मला पाठव. पाणी बदलायच्या अगदी आधी भर, म्हणजे सगळी पिलावळ त्यात येईल. माझा सूक्ष्मदर्शक अजून चालतो, माझे गुडघे चालत नसले तरी. आणि मग पेटीत मिथिलीन ब्लू घाल, औषधाच्या दुकानात मिळेल. निळं द्रव्य असतं. जंतू रंगवायला आम्ही तेच वापरायचो. थोडं असलं तर जंतू दिसतात, जास्त झालं की मरतात. तू जास्त घाल.

दादा


२ मार्च

दादा,

बाटली वेगळी पाठवली आहे. निळं औषध घालण्याआधीचं, चौथ्या दिवसाचं पाणी आहे. बूच फुटलं असेल तर पोस्टाला दोष दे, मला नको.

निळं औषध घातलं. जास्त घातलं. पेटी आता शाईची दौत झालीय. सकाळी ह्यांना बसवलं. एक म्हणाले, मग थांबले. मान पुढे नेली, मागे नेली, भिंग लावलं, काढलं. मासे दिसतच नाहीत, मोजणार काय? पहिल्या दिवशी एकवर थांबले. दुसऱ्या दिवशी एकही म्हणाले नाहीत. आज पाचवा दिवस आहे, घरात माझ्या एकटीचा आवाज आहे आणि मला तो नकोसा झालाय.

वाचेची बाई आली, पेटी बघितली आणि म्हणाली, हे कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या भावाने. ती म्हणाली, ते डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, नाही, पण त्यांच्या घरात तसं कुणी बोलत नाही. ती हसली नाही.

मासे सहा आहेत. हात घालून, अंदाजाने मोजले. दुपारी हे झोपल्यावर चोरासारखं स्पंज उकळते. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या चोरून. तुला हे लिहिताना मला लाज वाटते आणि वाचताना तुलाही थोडी वाटावी अशी इच्छा आहे.

ठमी


७ मार्च

ठमे,

लाज नंतर. आधी आनंदाची बातमी.

बाटली सुखरूप आली. थेंब काचपट्टीवर घेतला, रंगवला, सबंध सकाळ बघितला. काही नाही. एक जंतू नाही, म्हणावा तर औषधाला नाही. चाळीस वर्षांत एवढं स्वच्छ पाणी मी मोजून चार वेळा बघितलं असेल, आणि ते इस्पितळात, घरात नव्हे. तू माझी बहीण शोभतेस.

तेव्हा रोग गेलेला आहे. आता जे मरतायत ते रोगाने मरत नाहीत, हलक्या जातीमुळे मरतायत. बारा वर्षं एकाच पेटीत आपापसात लग्नं लावल्यावर दुसरं काय होणार? त्यांना मरू दे. त्याच मासेवाल्याकडून सतरा नवे आण, निळं पाणी काढून टाक, स्वच्छ पेटीत सोड. तुझा नवरा पहिल्या दिवशी सतरापर्यंत मोजेल. कुठले मासे गेले आणि कुठले आले, त्याला काय कळणार आहे? त्याला फक्त हलणारं काहीतरी हवंय.

एवढा साधा उपाय मला पहिल्याच पत्रात सुचायला हवा होता. उकळणं मात्र चालू ठेव.

दादा


१३ मार्च

दादा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. वाचेची बाई म्हणते ह्यांच्यासमोर सारखं बोलत राहा, काहीही वाचून दाखवा, म्हणून आलेली पत्रंही वाचते. पुढे काय येतंय ते कळेपर्यंत माझ्या तोंडून गेलंच, त्याला काय कळणार आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची सरकवून भिंतीकडे तोंड केलं. ते कुणाच्या आधाराशिवाय खुर्ची सरकवू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

नवे मासे आणलेले नाहीत. आणणारही नाही. निळं पाणी काढलं आहे. मासे चार आहेत. पेटी स्वच्छ आहे, ह्यांना चारही दिसतात, तरी मोजत नाहीत.

काल दुपारी मला वाटलं झोपलेत. फिल्टर काढला तर मागे उभे. भिंत सोडून उभे. माझ्या हातातून स्पंज घेतला आणि छातीशी धरला. शर्ट ओला झाला, निळा डाग पडला, तरी सोडेनात. तीन तास तसेच बसले. मी चहा आणला तर डावा हात मोकळा नाही म्हणून प्यायला नाही. शेवटी मी म्हटलं, नाही उकळत, परत ठेवते. तेव्हा स्वतःच्या हाताने फिल्टरमध्ये ठेवला. न धुता. आणि मग माझ्या गालाला ओला हात लावला.

दादा, तुझं सगळं ऐकलं. लहानपणापासून ऐकत आले. आता मी एक विचारते. हे वेड आहे की हा माणूस मला महिनाभर काहीतरी सांगतोय? बघून सांग. तुला जसं बघता येतं तसं बघ, उगाच लिहायचं म्हणून लिहू नकोस. खात्री नसेल तर पत्र पाठवू नकोस, मला तुझी सवय सोडायची आहे.

ठमी


१९ मार्च

ठमे,

बाटलीत अजून निम्मं पाणी होतं. तुझं तोंड कायमचं बंद करावं म्हणून ते घेऊन मी इथल्या मासेवालीकडे गेलो. हो, गुडघे घेऊन. दोन जिने आणि सहा गल्ल्या. दुकानात ढोपरापर्यंत हात पाण्यात घातलेली एक जाडजूड बाई होती. मी तिला म्हटलं, हे पाणी निर्जंतुक आहे असं लिहून द्या. तिने माझ्याकडे, तू मासेवाल्याकडे बघतेस ना, तसं बघितलं. मग पाणी नळीत ओतलं, वर कसले तरी थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं म्हणे. ते हिरवं झालं, आणखी हिरवं झालं, पालापाचोळ्यासारखं गडद झालं. ती म्हणाली, यातले मासे अजून जिवंत आहेत का? मी म्हटलं, चार, आणि स्पंज दर चौथ्या दिवशी उकळलेला असतो. ती म्हणाली, स्पंज उकळणारा शहाणा कोण?

मी म्हटलं, माझी बहीण.

हे मी खरंच म्हणालो. तुला कळायला हवं म्हणून लिहितो. घरी येऊन जेवलो नाही.

तिने जे सांगितलं ते असं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो विषारी, त्याने कल्ले भाजतात. कल्ले लालभडक, भाजल्यासारखे, हे तू मला सतरा फेब्रुवारीला शब्दाला शब्द लिहिलं होतंस. ते विष खाऊन संपवणारे जंतू त्या बुळबुळीत थरात राहतात. ते तयार व्हायला महिना लागतो. तू गरम पाण्याने अर्धे मारत होतीस. मी ते दर चार दिवसांनी सगळेच्या सगळे मारले, वरून निळं औषध ओतलं, आणि मग सूक्ष्मदर्शकात एकही दिसत नाही म्हणून तुझी पाठ थोपटली. चाळीस वर्षं मी जंतू म्हटलं की मारायचा एवढंच केलं. एखाद्याला जगू द्यायचं असतं हे माझ्याकडे कधी आलंच नाही.

हे तुझ्या मासेवाल्याला माहीत होतं. वाचेच्या बाईला माहीत नव्हतं, पण तिने ऐका म्हटलं. आणि तुझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो वेडा नाही. पहिल्यांदा मनगट धरलं तेव्हापासून तो तुला एकच गोष्ट सांगतोय. त्याने भिंगाने कल्ले बघितले आणि बरोबर निदान केलं. मी यंत्राने बघितलं आणि चुकलो. तेरा मासे गेले. तीन तुझे, दहा माझे.

आता ताबडतोब कर. त्या मासेवाल्याकडे जा, त्याच्या सगळ्यात जुन्या पेटीतला सगळ्यात घाणेरडा स्पंज माग. नीट माग, मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मनात ठेवून नको. तो तसाच, न धुता आपल्या फिल्टरमध्ये घाल. रोज फक्त पाव भाग पाणी बदल, खाणं चिमटीपेक्षाही कमी घाल. आणि तुझ्या नवऱ्याला विचारून कर. तो मान हलवेल तसं.

माफी मागायची मला सवय नाही आणि ती पत्रात चांगली दिसत नाही. तरी हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. काही न गाळता.

दादा


९ एप्रिल

दादा,

पत्र मोठ्याने वाचलं. काही गाळलं नाही. माझी बहीण म्हणालास तेसुद्धा.

मासेवाला स्वतः घरी आला, काळाकुट्ट स्पंज पिशवीत घालून. ह्यांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि मान हलवली. दोघे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. त्याने पैसे घेतले नाहीत. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच ऐकलं असतंत तर, एवढंच म्हणाला, आणि ते मी तुझ्या आणि माझ्या वतीने निम्मं निम्मं ऐकून घेतलं.

तीन आठवडे होत आले. चारही जिवंत आहेत. आता वर येऊन धापा टाकत नाहीत, पंखे उघडलेत, खाणं टाकलं की धावतात. हेही चारपर्यंत मोजतात. रोज चार. मी म्हटलं, अजून आणू का, मान हलवून नाही म्हणाले. वाचेच्या बाईला घोर लागलाय. चारच आकड्यांवर किती दिवस काढणार, म्हणते. सहा महिन्यांतला एकच राहिलाय.

आता ऐक. काल ती आली असताना ह्यांनी टेबलाच्या खणातून तुझं पत्र काढून माझ्यासमोर धरलं. परत वाच, अशी खूण. मी वाचायला लागले. स्पंज उकळणारा शहाणा कोण, इथे आले. पुढचं तुझं वाक्य वाचलं: मी म्हटलं, माझी बहीण. तेव्हा हे बोलले. आकडा नाही. सबंध, स्वच्छ, एकच शब्द.

गाढव.

तिने विचारलं, कोण? ह्यांनी पत्रावरच्या तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि परत म्हणाले, गाढव. मग हसले, उजवीकडून ओठ अजून वळत नाहीत तरी हसले. ती वहीत तारीख घालून लिहायला लागली आणि घाईत तारीखच चुकली. माझं तर विचारूच नकोस. पाच महिन्यांनी माझ्या घरात ह्यांनी माणसाला उद्देशून शब्द वापरला, आणि तो तुझ्यावर वापरला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि त्यातला थोडा तुला दिल्याशिवाय राहवेना म्हणून लिहिते.

ठमी


१४ एप्रिल

ठमे,

शब्द अचूक आहे. लग्नापासून त्यांच्या मनात असणार, आज वाट मिळाली.

रविवारच्या सकाळच्या गाडीने येतो आहे. मला समोर बसव आणि तोंडावर म्हणू दे. पुढचे शब्दही त्यांना माझ्यावरच वापरायचे असतील तर मी दोन महिने राहीन.

दादा